आधी काय झालं

नामदेव, गेले तेरा दिवस तुझ्या ओसरीवर एकच धडा चालू होता. नामदेव मास्तर काहून गेले?

तू असतास तर पोट धरून हसला असतास. तुझ्या चुलतभावाच्या मते ऊन लागलं. ज्येष्ठातल्या उन्हात दुपारपर्यंत वावरात थांबायचं काय अडलं होतं? शेजारचे बुवा म्हणाले, बिडी. कुणी म्हणालं, जायच्या चार दिवस आधी छपराची कवेलू फिरवायला वर चढले होते, तिथंच छातीत काहीतरी झालं असणार. एका म्हातारीला तर मागच्या दाराची चौकट बदलली तेव्हाच सगळं कळलं होतं. वाशीमच्या डॉक्टरने हृदय बंद पडलं एवढंच सांगितलं, पण तेवढं कुणाला पुरेना. मी खांबाला टेकून सवयीने बोटांवर मोजत होतो. एका हाताची बोटं संपली तेव्हा मी मोजणं सोडलं आणि उठून अंगणात गेलो.

मला तुझ्या मरणाचं कारण शोधायचं नाही. मला दुसरीच एक गोष्ट सांगायची आहे आणि ती मी आधीच सांगून टाकतो, नाहीतर गोल गोल फिरत बसेन. तुझ्या वर्गातल्या कौसल्येचं लग्न तू शिकवलेल्या इतिहासामुळे झालं नाही. ती तुझ्यामुळे नापासही झाली नाही. मला हे चौदा महिन्यांपासून ठाऊक होतं. तुला ठाऊक नसताना तू गेलास.

एवढं लिहून मी उठलो. पाणी प्यालो, खिडकी लावली, परत उघडली. शाळेला अजून सुट्टी आहे, करायला काही काम नाही, आणि बसवत तर मुळीच नाही. बसलो की वाटतं तू दारात उभा आहेस आणि विचारतो आहेस, "मंग?"

मी कारंज्याहून रिठदला मास्तर म्हणून आलो ते एकाहत्तर साली. वडिलांचं किराणा दुकान. लहानपणापासून सगळं पुड्या बांधून, दोरा गुंडाळून, फळीवर ओळीत लावलेलं पाहिलं होतं. इतिहासही मी तसाच शिकवायचो. कारणे पाच, परिणाम चार, तात्कालिक कारण एक, खाली रेघ. पहिल्याच आठवड्यात तू माझ्या वर्गाच्या दाराशी थबकून ऐकलंस आणि मधल्या सुट्टीत म्हणालास, "शेठ, तू इतिहास पुड्या बांधून विकून राह्यला काय?" त्या दिवसापासून मी शाळेत शेठ झालो. शिपाईसुद्धा शेठ म्हणायला लागला. मला राग यायचा आणि मी तो दाखवायचोही, पण संध्याकाळी पाय तुझ्याच घराकडे वळायचे, कारण सूर्य बुडायच्या आत मला जेवू घालणारं गावात दुसरं घर नव्हतं. आमच्यात दिवस मावळल्यावर जेवत नाहीत, हे इंदूवहिनींनी एकदाच ऐकलं. मी यायचो त्या दिवशी तुमची चूल दोन तास आधी पेटू लागली, आणि कांदा-लसणाचं भांडं बाजूला सरू लागलं. आपलं भांडण ऐन रंगात आलं की तू मध्येच आभाळाकडे पाहायचास. "थांब शेठ. आधी जेव, मंग भांड."

त्या घासांबद्दल मी तुला कधी दोन शब्द बोललो नाही. घरचं समजून खाल्लं, असं म्हणायचं. खरं म्हणजे माझ्या तोंडातून कुणाचं चांगलं लवकर निघत नाही. वाईट मात्र तयारच असतं.

तुझी शिकवायची तऱ्हा आठवते. नववीच्या पोरांना तू पहिला महिना पुस्तक उघडू द्यायचा नाहीस. एकच प्रश्न द्यायचास: आपल्या गावचा बाजार पडला काहून? कधीकाळी भरभरून भरणारा बाजार चार भाजीवाल्यांवर आला होता आणि ते पोरांच्या डोळ्यांसमोरचं होतं. पोरं गावभर हिंडून म्हाताऱ्यांना छळायची आणि येताना कारणं घेऊन यायची. एकेका चिठ्ठीवर एकेक कारण, मागे खळ लावून वर्गाच्या भिंतीवर. एसटी सुरू झाली. रिसोडचा बाजार वाढला. कापडवाले ज्या लिंबाखाली बसत तो लिंब पडला. दोन घरांत मारामारी झाली. भिंत भरली की तू पुढे व्हायचास.

"हे पाय, लिंब काढला." चिठ्ठी उपटून खिशात. "आता सांगा, लिंब पडलाच नाही. बाजार राह्यला असता का गेला असता?"

अर्धा वर्ग राहिला म्हणायचा, अर्धा गेला म्हणायचा, आणि शेजारच्या वर्गात फळ्यावर मुद्दे लिहिताना माझा खडू मोडायचा. तुझा दुसरा प्रश्न त्याहून चिवट असायचा. आधी काय झालं? लिंब आधी पडला का बाजार आधी पडला? एका वर्षी एका पोराने शोधून आणलं की लिंब पडला तेव्हा कापडवाले यायचे बंद होऊन दोन वर्षं झाली होती. तू त्याला खांद्यावर घ्यायचंच काय ते बाकी ठेवलंस. "पायलं? जे मांगून झालं ते आधीच्याचं कारण कसं व्हईन?" हे वाक्य तू महिनाभर सगळ्यांना ऐकवलंस. हेडमास्तरांना, पोस्टमनला, मला तर दिवसातून दोनदा.

आपलं कायमचं भांडण सत्तावन्नच्या उठावावरून. मी म्हणायचो, काडतुसं हे तात्कालिक कारण, एक गुण, विषय संपला. तू म्हणायचास, "काडीनं गंजी पेटते हे लेकरालेबी समजते. गंजी एवढी वायून कोरडी कशी झाली व्हती ते सांग." मी म्हणायचो, बोर्डाला गंजी नको, काडी पाहिजे. एकदा रिसोडच्या रस्त्यावर सायकली हातात धरून आपण असेच अडकलो होतो. मी ठासून सांगितलं की मोठ्या घटनेला मोठं कारण लागतं, कुणा एका माणसाच्या एका वाक्याने काही होत नसतं, ते नाटकात होतं. तू म्हणालास, "कोणतं वाक्य, कोणाच्या तोंडून, कोणापाशी, हे पायल्याशिवाय कसं सांगतं तू?" तेवढ्यात मागून बैलगाडी आली, आपण रस्ता सोडला आणि ते भांडण तिथंच राहिलं. पुढे ते उकरून काढायची संधी मला खूप वेळा होती.

कौसल्या तुझ्याच भिंतीवर वाढलेली पोरगी. वर्गात पाच-सहाच मुली, त्यांत ही शेवटच्या बाकावर, आणि सगळा वर्ग ओरडून दमला की हिचा बारीक आवाज यायचा. एकदा तिने तुला विचारलं, "सर, परिणाम कोठी संपते?" तुला उत्तर देता आलं नाही. त्याचा तुला इतका आनंद झाला की तू शिक्षकांच्या खोलीत येऊन पेढे वाटायच्या थाटात ते सांगितलंस. मी म्हणालो, "परीक्षेत चार मुद्द्यांनंतर संपतात." सगळे हसले. तूही हसलास.

शहात्तरचा निकाल आला. दहावीचा तो अभ्यासक्रम अजून नवा होता, सगळेच चाचपडत होते. कौसल्या एकट्या इतिहासात गेली. बाकी सगळ्या विषयांत पास. शिक्षकांच्या खोलीत निकालाचा कागद टेबलावर पसरला होता, हेडमास्तर होते, गणिताचे सर होते, दारात शिपाई होता. तू त्या एका ओळीवर बोट ठेवून उभा होतास. आणि मी, ज्याच्या वर्गातला एकही इतिहासात गेला नव्हता, मी बोललो.

"अजून लाव भिंतीवर चिठ्ठ्या. मुद्दे घालून लिहायला शिकवलं असतंस तर पोरगी निघाली असती. आता बाप तिला घरात ठेवतो की काय बघ. लग्न लावून मोकळा होईल."

आठव्या दिवशी खरंच तिच्या लग्नाची अक्षत शाळेत आली. धनजचा मुलगा, तिकडे कारंज्याकडचा. त्या दिवशी मी गप्प बसायला हवं होतं. मी म्हणालो, "नाम्या, तुझ्या काहूनने त्या पोरीचं लग्न लावलं."

तू अक्षतीचे तांदूळ कागदात होते तसे बांधून खिशात ठेवलेस आणि वर्गावर गेलास. मला वाटलं, जिंकलो. पाच वर्षांत पहिल्यांदा शेवटचं वाक्य माझं होतं.

त्या खोलीत दोन इतिहासाचे मास्तर होते, नामदेव, आणि दोघांपैकी एकानेही तिची उत्तरपत्रिका पाहिली नव्हती. तिने मुद्दे घातले की नाही घातले, किती लिहिलं, काय लिहिलं, काही ठाऊक नव्हतं. निकाल आला, मग लग्न झालं, एवढं दिसलं आणि आपण दोघांनी त्यातून गोष्ट जोडली. मी आकसाने जोडली. तू का जोडलीस? लिंब आधी का बाजार आधी, असं पोस्टमनलाही विचारणारा माणूस तू. तिच्या बापाच्या दारात जाऊन एवढंच का नाही विचारलंस की सोयरीक कधी ठरली? याचा मला आजही राग येतो. तुझ्यावर राग काढायची ही काही वेळ नव्हे, हे कळतं. तरी येतो. तुला दोष अंगावर घ्यायची फार घाई झाली होती.

जुलैत शाळा सुरू झाली आणि तुझ्या वर्गातून आवाज येईना. मी व्हरांड्यातून जाताना डोकावलो. भिंत पुसून स्वच्छ केली होती. तू खुर्चीवर बसून सांगत होतास, "कारण क्रमांक एक." पोरं मान खाली घालून लिहून घेत होती. माझ्याच वह्यांतले मुद्दे, माझ्याच क्रमाने. मी ते कुणाला बोललो नाही, पण त्या दिवशी घरी जाताना शीळ घालत होतो. लिहायला लाज वाटते, पण ती शीळ मला स्वच्छ आठवते.

असं दोन वर्षं चाललं. मग अठ्ठ्याहत्तरच्या चैत्रात मी सुट्टीला कारंज्याला गेलो. भाऊ जेवायला गेला म्हणून दुकानावर मी बसलो होतो. एक बाई कडेवर मूल घेऊन आली, साबण आणि गूळ मागितला, आणि पदर सावरत म्हणाली, "सर, वयखलं नाही काय?" कौसल्या होती. मी उठून उभा राहिलो. मास्तर जे बोलतो ते बोललो. म्हणालो, पुन्हा परीक्षेला बसायला हवं होतंस, एका विषयासाठी राहिलं.

ती हसली. "कायची परीक्षा सर. माही सोयरीक तं माघातच ठरेल व्हती. कोणी मोडता घालू नोये म्हून बाबानं गावात बोंबलू देलं नाही. इतिहासाच्या आदल्या दिवशी धनजचे पाव्हणे आलते, दिवसभर मी चुलीपाशी. पेपरात डोये उघडेना माहे. एक उत्तर लेहलं न् बाकावर डोकं ठेवलं ते घंटा झाली तवाच उठली." मग जराशा अभिमानाने म्हणाली, "पण ते एक पूरं लेहलं. नामदेव सरनं शिकवलं व्हतं तसं. सर बरे हायेत न?"

मी म्हणालो, बरे आहेत. गुळाचा खडा जास्तीचा टाकला. ती पोराच्या हातात साबणाची वडी देऊन गेली आणि मी दुकानात तसाच उभा राहिलो. म्हणजे लग्न आधी ठरलं होतं. नापास ती नंतर झाली, आणि झाली ती लग्न ठरल्यामुळे झाली. आपण दोघांनी मिळून बाणाचं टोक उलटं लावलं होतं. आणि तुझं शिकवलेलं तेवढंच एक त्या पोरीने झोपेत असूनही पुरं केलं होतं.

दुसऱ्याच दिवशी रिठदची गाडी धरायला हवी होती. मी सुट्टी पूर्ण काढली.

परत आल्यावर सांगू, असं ठरवलं होतं. शाळा उघडली, तू वर्गात मुद्दे सांगत होतास, तुझा निकाल चांगला लागला होता, हेडमास्तरांनी तुझी पाठ थोपटली होती. आज नको. मग गणपती. मग सहामाही. मग दिवाळी. तू अधूनमधून विचारायचास, "काय शेठ, काही सांगाचं हाय काय?" माझा चेहरा तुला वाचता यायचा. मी म्हणायचो, पोट बिघडलंय.

आणि पोहरादेवीची यात्रा. हे मला झोपू देत नाही. यंदाच्याच रामनवमीला, म्हणजे तुझ्या जाण्याच्या दोन महिने आधी, आपण स्काउटची पोरं घेऊन यात्रेत पाणी वाटायला गेलो होतो. बंजाऱ्यांचे तांड्यांमागून तांडे येत होते, नगारे वाजत होते, धुळीने आपले चेहरे पांढरे झाले होते. दुपारी जरा उसंत मिळाली तेव्हा आपण बैलगाडीच्या सावलीत बसलो. मी तोंड उघडलं. खरंच उघडलं, नामदेव. म्हणालो, "नाम्या, ती कौसल्या..." आणि तू हात वर केलास.

"ते राहू दे शेठ. तुह्यं बरोबर व्हतं. पोट्टे पास व्हऊन राह्यले न आता? बस झालं."

तू ते इतक्या थकलेल्या आवाजात बोललास की दुसरा कुणीही माणूस असता तर त्याने तिथल्या तिथे सगळं ओकून टाकलं असतं. मी माठातून पाणी काढून तुला दिलं. तुझं बरोबर होतं, हे वाक्य तुझ्या तोंडून ऐकायला मला आठ वर्षं लागली होती. ते एवढ्यात परत करवेना.

आता इथे बसून मी माझ्या गप्प राहण्याची कारणं तुझ्या पद्धतीने तपासतो आहे. संधी मिळाली नाही? ते काढून पाहिलं. संधी रोज होती, तरी मी गप्पच. तू चिडशील ही भीती? तू माझ्यावर कधी चिडला नाहीस, ती भीती मी आत्ताच तयार केली. सांगून आता काय होणार, लग्न तर होऊन गेलं? हे मी स्वतःला शंभरदा सांगितलं होतं, आणि ऐकायला ते शहाणपणाचं वाटायचं. तेही काढलं. मग एकच चिठ्ठी राहते. तू माझ्यासारखा झालास याचं मला सुख होतं. मुलं तुझ्याकडून येताना हसत यायची आणि माझ्याकडून येताना वही भरून यायची, हे मला पहिल्या वर्षापासून खुपत होतं. ते खुपणं बंद झालं होतं. तुला खरं सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी खळ कालवायला बसला असतास. ती चिठ्ठी मी उपटायला गेलो तर भिंतच हातात येते.

हे सगळं तुझ्या फोटोपुढे बोलून मोकळं व्हायचं, असं मी ठरवलं होतं. पण फोटो समोर असला की मला हवं ते तो ऐकून घेतो. म्हणून तेरवीच्या दुसऱ्या दिवशी मी वहिनींकडे गेलो.

त्या ओसरीवर बसून तेरवीच्या जेवणासाठी गावातून आणलेली भांडी वेगळी करत होत्या. परातींवर, पाण्याच्या गुंडांवर ज्याची त्याची नावं कोरलेली. नाव वाचायचं आणि त्या घराच्या ढिगात ठेवायचं. मला पाहून त्यांनी पाट सरकवला.

"वहिनी, नामदेवला एक सांगायचं राहिलं."

"सांगा न भाऊजी."

मी सांगितलं. निकालाच्या दिवसापासून धनजच्या कौसल्येपर्यंत. पोहरादेवीचंही सांगितलं. शीळ तेवढी गाळली होती, ती वर लिहिली आहे. त्या ऐकता ऐकता भांडी लावत होत्या, मग एक गुंड हातात तसाच राहिला.

"म्हंजे त्या पोरीचं लग्न पह्यलेच ठरेल व्हतं?"

"हो."

"आन् तुमाले माहीत व्हतं."

"चौदा महिने."

मला वाटलं, त्या रडतील, नाहीतर मला चालते व्हा म्हणतील. दोन्ही मी सोसलं असतं. वहिनींनी गुंड खाली ठेवला आणि विचारलं, "उषाले त्यायनं वाशीमले काहून ठेवलं, हे माहीत हाय काय तुमाले?"

तुझी उषा. सातवी संपली तेव्हा तू तिला वाशीमला तुझ्या बहिणीकडे ठेवलंस, तीही त्याच जुलैत. मोठ्या गावची मोठी शाळा म्हणून, असं आम्ही सगळे धरून चाललो होतो. मी तसं म्हणालो.

"मोठी शाळा," वहिनी म्हणाल्या. "घरात बाप मास्तर असताना? पुढच्या सालीच नववीत ती त्यायच्या हाताखाली आली असती भाऊजी. मले म्हणे, माह्या हातानं एक पोरगी बिघडली, घरची तरी राहू दे. मी लय भांडली. दोन दिवस जेवली नाही. त्यायनं स्वतः तिची पेटी भरली न् एसटीत बसवून देली. मंग दर ऐतवारी वाशीमले जात. पाऊस असो का काही असो, एक ऐतवार चुकला नाही. खाऊ देत, पाच मिनटं बसत. पोरगी अभ्यासाचं काही इचारे तं उठून उभे राहत. म्हणत, तुह्या सरले इचार."

 वाशीमहून येणाऱ्या रविवारच्या एसटीतून तुला उतरताना मी कितीदा पाहिलं होतं. हात हलवला होता.

उषा दारात उभी होती. केव्हापासून, ते मला माहीत नाही. दहावीची परीक्षा देऊन सुट्टीला आलेली, आणि त्याच सुट्टीत हे झालं. डोळे कोरडे होते. माझ्याकडे न पाहता तिने आईला सांगितलं, "मले वाटे, बाबाले मी घरात नको व्हती."

"असं काहून बोलतं व माय," वहिनी म्हणाल्या.

"मंग काय वाटीन? पेटी त्यायनंच भरली. जाताना मी रडली तं मांगं वळून बी पायलं नाही. मी तिथं तीन वर्षं इचार केला का माह्यं काय चुकलं." मग ती माझ्याकडे वळली. "काका, तुमी हे लेहून द्याल काय?"

"कायले लेहून पायजे?" वहिनी म्हणाल्या. "सांगतलं न त्यायनं."

"तोंडी सांगतलेलं मांगून बदलते, आई. आज त्यायले वाईट वाटून राह्यलं म्हून सांगतलं. लेहून द्या काका. आधी काय झालं, मांगून काय झालं. सही बी करा."

मी म्हणालो, देतो. तिने विचारलं, कधी? मी म्हणालो, उद्या.

तुझ्या वर्गात ती एक दिवसही बसली नाही, नामदेव. वहिनी म्हणतात, तिचं बोलणं तुझ्यासारखं आहे. मला तर पुन्हा तीच अस्वस्थता. तू तिला शिकवलं असतंस तर काय झालं असतं, या प्रश्नाला कुठे थांबायचं ते मला कळत नाही, आणि थांबावं असंही वाटत नाही.

तर हे लिहितो आहे. कालपासून तिसऱ्यांदा लिहितो आहे. पहिल्या दोनांत मी स्वतःला फार चांगलं सावरून घेतलं होतं. कुणी मास्तराने त्याला पैकीच्या पैकी गुण दिले असते. दोन्ही फाडले. यात मुद्द्यांना क्रमांक घातलेले नाहीत, पण क्रम आहे. माघात सोयरीक ठरली. मग धनजचे पाहुणे आले, दुसऱ्या दिवशी पेपर झाला. मग निकाल आणि त्या खोलीतलं माझं बोलणं. आठ दिवसांनी अक्षत, आणि अक्षतीवर माझं ते वाक्य. त्यानंतर जुलैत पेटी भरली गेली. मग कारंज्याला कौसल्या भेटली, आणि त्यानंतरच्या चौदा महिन्यांतल्या कुठल्याही रविवारी मी तुझ्या शेजारी एसटीत बसून तुला खरं सांगितलं असतं, तर परतीच्या गाडीत तुम्ही दोघं असता. ते महिने तुला आणि तिला मिळाले नाहीत, याचं कारण मी आहे. दुसरं कुणी नाही.

पुढची ओळ तुला नाही, नाम्या. ही तिच्यासाठी आहे, आणि हिच्याखाली माझी सही आहे.

उषा, तुझ्या बापाला तू घरात हवी होतीस.